‘इस्रायलवर बहिष्कार टाकणार नाही’ असं कंपनीच्या नावाने लिहून द्यायचं का?

आधी तुमचा प्रश्न मला कळला तसा लिहिते, म्हणजे गैरसमज नको. डॅलसजवळ तुमची छोटी आयटी कंपनी आहे, तिथे ८ माणसं, आणि बाणेरला तुमच्याच मालकीची प्रायव्हेट लिमिटेड आहे तिथे ६. एका मोठ्या प्राइम व्हेंडरच्या (म्हणजे सरकारशी थेट कॉन्ट्रॅक्ट असलेल्या कंपनीच्या) खाली सब, म्हणजे सबकॉन्ट्रॅक्टर म्हणून टेक्सास सरकारच्या एका खात्याचं काम मिळतंय, साधारण अडीच लाख डॉलरचं. प्राइमने सहीला पाठवलेल्या कागदांत तीन क्लॉज आहेत: कंपनी इस्रायलवर बहिष्कार टाकत नाही आणि कॉन्ट्रॅक्ट चालू असेपर्यंत टाकणार नाही, एनर्जी कंपन्यांवर टाकत नाही आणि टाकणार नाही, आणि बंदुका बनवणाऱ्या-विकणाऱ्यांशी भेदभाव करत नाही आणि करणार नाही. तुमचं म्हणणं, आम्ही डेटा मायग्रेशन करणारी माणसं, आमचा ह्या तिन्हीशी काय संबंध, हे असं विचारणं कायदेशीर तरी आहे का, आणि घरी बायको वर्षभर काही ठराविक ब्रँड आणत नाहीये तर सही केली की ती खोटी ठरेल का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण तो सोपा आहे. नाही ठरणार. क्लॉज कंपनीबद्दल आहे, किराणा मालाबद्दल नाही. तुम्ही घरी काय पिता, कुठल्या मोर्चाला जाता, कोणाला देणगी देता, मत कोणाला देता, ह्यातलं काहीच ह्या कागदात विचारलेलं नाही. वहिनी कंपनीत डायरेक्टर असतील आणि कंपनीची खरेदी त्याच ठरवत असतील तर थोडं जपून बोलावं लागेल, ते पुढे सांगते.

मी बरीच वर्षं ऑस्टिनमध्ये सरकारी कामं घेणाऱ्या लहान-मध्यम कंपन्यांचे कॉन्ट्रॅक्ट बघते. वकील नाही, वकिलाकडे कागद जायच्या आधी त्यात पेन्सिलने खुणा करणारी बाई आहे, तेव्हा हे त्याच हिशोबाने घ्या. आणि माझा अनुभव असा की ह्या तीन क्लॉजवर दोनच प्रकारची माणसं भेटतात, एक न वाचता सही ठोकणारी आणि दुसरी वाचून रात्रभर झोप न लागणारी. दोघांनीही व्याख्या वाचलेली नसते. सगळी गंमत व्याख्येत आहे.

टेक्सास गव्हर्नमेंट कोडचं प्रकरण २२७१ काढा. तिथे बहिष्काराचा अर्थ असा दिलाय की इस्रायलशी किंवा इस्रायलमध्ये अथवा इस्रायलच्या ताब्यातल्या प्रदेशात धंदा करणाऱ्याशी व्यवहार नाकारणं, असलेला व्यवहार तोडणं, किंवा त्यांना शिक्षा म्हणून, त्यांचं आर्थिक नुकसान व्हावं म्हणून, त्यांच्याशीच व्यापारी संबंध कमी व्हावेत म्हणून काहीही कृती करणं. आणि लगेच पुढे, नेहमीच्या धंद्याच्या कारणासाठी केलेली कृती ह्यात येत नाही. आता ‘इस्रायलच्या ताब्यातल्या प्रदेशात’ हे शब्द परत वाचा. म्हणजे एखाद्या कंपनीने सांगितलं की आमचा इस्रायलशी काही वाद नाही, फक्त वेस्ट बँकमधल्या वसाहतींमध्ये आम्ही धंदा करत नाही, तर तेही ह्यात धरलं जातं. हा बारकावा लोकांना माहीत नसतो, आणि मोठमोठ्या कंपन्या अडकल्या त्या नेमक्या इथेच.

उदाहरण देते. समजा तुमची टीम मंडे डॉट कॉम ह्या कामांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरवर काम करते, ती कंपनी तेल अवीवची. तुम्ही ठरवलं की माणसामागे पैसे फार होतायत, जिरा नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जाऊ. काही प्रॉब्लेम नाही, नेहमीचं धंद्याचं कारण. पण तोच निर्णय घेताना ऑपरेशन्सवाल्याने सगळ्यांना मेल टाकला की गाझात जे चाललंय ते बघता आपण ह्या कंपनीला पैसे द्यायचे नाहीत, तर कृती तीच, पण हेतू कागदावर आला. इथे म्हणून वहिनींचा उल्लेख केला. घरात काहीही चालेल, कंपनीच्या खरेदीच्या मेलमध्ये कारण म्हणून राजकारण आलं की मग ती कंपनीची भूमिका होते. मी इथे बरोबर-चूक सांगत नाहीये, मेल लिहिणाऱ्याचं दुःख खरं असू शकतं, फक्त त्या मेलनंतर ह्या क्लॉजवर सही करता येत नाही एवढंच.

आता ‘हे कायदेशीर आहे का’. ह्याला सरळ हो-नाही उत्तर नाही, आणि का नाही ते समजून घेण्यासारखं आहे, कारण तुमच्या अडीच लाखांच्या कागदात १० माणसं, एक लाख डॉलर असे जे आकडे आहेत ते सगळे कोर्टकचेरीतूनच आलेत.

पॅलेस्टिनी संस्थांनी २००५ मध्ये बहिष्काराची हाक दिली, ती बीडीएस (बॉयकॉट, डायव्हेस्टमेंट, सँक्शन्स, म्हणजे बहिष्कार, गुंतवणूक काढणं, निर्बंध) म्हणून ओळखली जाते. अमेरिकेतल्या राज्यांनी त्याविरुद्ध कायदे करायला सुरुवात केली २०१५ मध्ये, इलिनॉय आणि साउथ कॅरोलायना हे पहिले. इलिनॉयने पेन्शन फंडाच्या बाजूने पकडलं, म्हणजे बहिष्कार टाकणाऱ्या कंपनीत सरकारी पेन्शनचे पैसे ठेवायचे नाहीत, आणि साउथ कॅरोलायनाने कॉन्ट्रॅक्टच्या बाजूने. न्यूयॉर्कमध्ये २०१६ ला गव्हर्नर कुओमोंनी विधानसभेची वाटच बघितली नाही, आदेश काढला. म्हणजे हा निव्वळ रिपब्लिकन राज्यांचा उद्योग आहे असं समजू नका. आज पस्तीसहून जास्त राज्यांमध्ये ह्या ना त्या रूपात हे आहे, पण एकाचं दुसऱ्यासारखं नाही. कॅलिफोर्नियाचं बघा, २०१६ चा त्यांचा कायदा बहिष्कारावर थेट बोलतच नाही, एक लाखाच्या वरच्या कॉन्ट्रॅक्टला एवढंच लिहून घेतात की कुठल्याही देशाविरुद्ध आमची काही पॉलिसी असली, त्यात इस्रायलही आला, तर ती भेदभावासाठी वापरत नाही. तेव्हा एका राज्यातला कागद बघून दुसऱ्या राज्यात सही करू नका.

टेक्सासचा कायदा मे २०१७ चा, बिलाचा नंबर एचबी ८९. गव्हर्नर ॲबट सही करताना म्हणाले की इस्रायलविरोधी धोरण म्हणजे टेक्सासविरोधी धोरण. लागू झाला १ सप्टेंबरला, आणि त्याच्या आठवडाभर आधी हार्वी चक्रीवादळ येऊन गेलेलं. ह्यूस्टनच्या खाली डिकिन्सन म्हणून छोटं शहर आहे, निम्म्याहून जास्त गाव पाण्याखाली गेलेलं. लोकांनी वर्गणी काढून मदत जमवली, ती वाटायला शहराने घर दुरुस्तीचा अर्ज काढला, आणि त्या अर्जात एक कलम, की अर्जदार इस्रायलवर बहिष्कार टाकत नाही आणि टाकणार नाही. ज्याच्या घराच्या भिंतीला छातीएवढ्या उंचीपर्यंत बुरशी आलीये त्याने हे लिहून द्यायचं. शहराचंही फार चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या वकिलाने कायदा जसा लिहिलाय तसा वाचला, कारण तेव्हा किमान रक्कम नव्हती, किमान माणसं नव्हती, एकटा माणूसही ‘कंपनी’त धरला जात होता. देशभर बोंब झाली आणि घरमालकांसाठी ते कलम काढलं.

पण कायदा तसाच होता. ऑस्टिनच्या उत्तरेला फ्लुगरव्हिल आहे, तिथल्या शाळांमध्ये एक स्पीच थेरपिस्ट नऊ वर्षं काम करत होती, अरबी बोलणाऱ्या लहान मुलांसोबत, कॉन्ट्रॅक्टवर. २०१८ च्या नूतनीकरणाला तोच क्लॉज आला, ती घरी इस्रायली माल घेत नव्हती, तिने सही नाकारली, काम गेलं. ती कोर्टात गेली. वेगळ्या एका केसमध्ये काही जण होते त्यात एक विद्यार्थी, त्याला शाळेच्या वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून जायचं होतं, मानधन थोडंसंच, त्यासाठीही सही मागितलेली! वादविवाद स्पर्धेच्या परीक्षकाकडून. ऑस्टिनचे फेडरल जज रॉबर्ट पिटमन यांनी एप्रिल २०१९ मध्ये कायद्याला स्थगिती दिली, म्हणाले बहिष्कार हे अभिव्यक्तीच्या हक्कात येतं. मग टेक्सासने काय केलं? लढत बसण्याऐवजी मे महिन्यात कायदाच बदलला, एकटा माणूस बाहेर, १० पेक्षा कमी पूर्णवेळ माणसं असलेली कंपनी बाहेर, एक लाख डॉलरच्या खालचं कॉन्ट्रॅक्ट बाहेर. ज्यांनी केस केली ते सगळे आपोआप बाहेर पडले, मग वरच्या कोर्टाने सांगितलं की आता वादच उरला नाही, स्थगिती रद्द. सुंठेवाचून खोकला गेला.

हाच डाव त्याआधी दोन ठिकाणी खेळून झालेला. कॅन्ससमध्ये विचिटाची एक गणिताची शिक्षिका, मेनोनाइट पंथाची, तिच्या चर्चने ठराव केलेला म्हणून ती बहिष्कार पाळत होती, तिला राज्यातल्या दुसऱ्या शिक्षकांना ट्रेनिंग द्यायचं काम नाकारलं. जानेवारी २०१८ ला कोर्टाने स्थगिती दिली, राज्याने त्याच वर्षी कायदा बदलून एकटी माणसं आणि एक लाखाच्या खालची कामं वगळली. ॲरिझोनात एक वकील तुरुंगातल्या कैद्यांना सल्ला द्यायचा, काउंटीच्या कॉन्ट्रॅक्टवर, त्याला सप्टेंबर २०१८ ला स्थगिती मिळाली, राज्याने २०१९ मध्ये तीच १० माणसं आणि एक लाख डॉलरची रेघ ओढली. म्हणजे तुमच्या कागदावर जे १० आणि १,००,००० दिसतायत ते काही अर्थशास्त्र बघून आलेले आकडे नाहीत. कोर्टात ज्यांची कहाणी ऐकून जज हळहळतील अशी माणसं, शिक्षिका, थेरपिस्ट, पूरग्रस्त, ती रेघेबाहेर ठेवायची आणि उरलेल्यांवर कायदा चालू ठेवायचा. मला विचाराल तर ही चलाख वकिली आहे पण प्रामाणिक कायदा नाही. हक्क असेल तर तो बारा माणसांच्या कंपनीलाही असायला हवा, आणि नसेल तर एकट्या बाईला तरी का सोडलं?

ह्याच्या उलटा निकाल आहे आर्कान्सामधला, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. लिटल रॉकचं एक वर्तमानपत्र आहे, आर्कान्सा टाइम्स. तिथल्या एका सरकारी कॉलेजच्या जाहिराती ते छापायचे. राज्याचा २०१७ चा कायदा असा, की हजार डॉलर किंवा जास्तीचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर बहिष्कार नाही असं लिहून द्या, नाहीतर २० टक्के कमी दराने काम करा. म्हणजे सही नसेल तर डिस्काउंट द्या, असला कायदा मी तरी दुसरीकडे बघितला नाही. आणि गंमत म्हणजे पेपर बहिष्कार टाकतच नव्हता, त्यांनी कधी तो विषयही फार छापला नव्हता. मालकाचं म्हणणं एवढंच की राजकीय मताबद्दल सरकारला लिहून देणं हे वर्तमानपत्राचं काम नाही. खालच्या कोर्टात हरले, ८ व्या सर्किटमध्ये, म्हणजे काही राज्यांसाठीच्या वरच्या फेडरल कोर्टात, २०२१ ला तीन जजच्या बेंचपुढे २-१ जिंकले, मग जून २०२२ मध्ये सगळ्या जजनी एकत्र बसून परत ऐकलं आणि पेपर हरला, विरोधात एकच जज. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला, कारण काही दिलं नाही. पुष्कळ जण ह्याला ‘सुप्रीम कोर्टाने कायदा मान्य केला’ म्हणतात, ते चुकीचं आहे. नकार म्हणजे निकाल नाही. ८ व्या सर्किटची सात राज्यं त्या निकालाखाली येतात, टेक्सास येत नाही, टेक्सास ५ व्या सर्किटमध्ये.

भांडण कशावर आहे ते सांगते. एका बाजूला १९८२ चा क्लेबोर्न हार्डवेअरचा निकाल. मिसिसिपीतलं पोर्ट गिब्सन, १९६६ मध्ये तिथल्या काळ्या लोकांनी गोऱ्या दुकानदारांकडे जाणं बंद केलं, दुकानदारांनी नुकसानभरपाईचा दावा लावला, सुप्रीम कोर्ट म्हणालं की शांततेने केलेला राजकीय बहिष्कार हा संविधानाने राखलेला हक्क आहे. दुसऱ्या बाजूला २००६ चा रम्सफेल्ड विरुद्ध फेअर, लॉ कॉलेजांनी लष्कराच्या भरतीवाल्यांना आवारात येऊ द्यायचं नाकारलं होतं, कोर्ट म्हणालं की नुसती कृती म्हणजे भाषण नव्हे, बघणाऱ्याला त्याचा अर्थ तुम्ही समजावून सांगितल्याशिवाय कळत नसेल तर ती अभिव्यक्ती नाही. ८ व्या सर्किटने हे दुसरं धरलं. एखाद्या ऑफिसने एचपीचा प्रिंटर घेतला नाही तर रस्त्यावरच्या माणसाला काय कळणार की तो बहिष्कार आहे की सेलमध्ये दुसरा स्वस्त मिळाला? म्हणून न घेणं हे भाषण नाही, त्याबद्दल बोलणं हे भाषण, आणि बोलायला राज्य मनाई करत नाही. पुण्यात १९०५ मध्ये परदेशी कपड्यांची होळी झाली ती ह्या तर्काने बघा, होळी म्हणजे अभिव्यक्ती आणि त्यानंतर वर्षभर मँचेस्टरचं धोतर न घेणं म्हणजे नुसती खरेदी. मला हा तर्क पटत नाही, कारण बहिष्काराचा सगळा जीव त्या न घेण्यातच असतो. पण तो आज सात राज्यांत कायदा आहे आणि आपल्याला कागद त्याप्रमाणेच वाचायचेत.

टेक्सासमध्ये रेघेच्या आतला, म्हणजे १० माणसं आणि लाखाच्या वरचा, असा एक माणूस कोर्टात गेला, ह्यूस्टनची इंजिनिअरिंग कंपनी, मालक पॅलेस्टिनी वंशाचा, शहराची कामं कितीतरी वर्षं करत आलेला. जानेवारी २०२२ मध्ये जज हॅनन यांनी स्थगिती दिली, पण फक्त त्या एका कंपनीपुरती. २०२३ मध्ये ५ व्या सर्किटने तीही काढली, आणि तीही मुद्द्यावर नाही, तर तुम्ही ॲटर्नी जनरलवर दावा लावलाय आणि ह्या कॉन्ट्रॅक्टमध्ये त्यांनी काही केलेलंच नाही, असं म्हणून. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: टेक्सासमध्ये क्लॉज आज लागू आहे, आणि तो संविधानात बसतो की नाही हे वरच्या कोर्टाने मुद्द्यावर जाऊन सांगितलेलंच नाही. दहा वर्षं होत आली तरी प्रत्येक वेळी कोणी ना कोणी बाजूच्या दाराने निसटतंय.

आता एक फरक सांगून ठेवते, कारण तुमचं बाणेरचं ऑफिस आहे आणि पुढेमागे गल्फची कामं घ्याल. ह्या राज्यांच्या कायद्यांखेरीज अमेरिकेचा स्वतःचा फेडरल कायदा आहे, १९७७ पासूनचा, आता २०१८ च्या निर्यात कायद्यात बसवलेला. तो आला अरब लीगच्या बहिष्कारामुळे. तेव्हा अरब देशांचे खरेदीदार अमेरिकन कंपन्यांकडून लिहून घ्यायचे की माल इस्रायलचा नाही, जहाज काळ्या यादीतलं नाही, तुमच्या डायरेक्टरांत ज्यू कोण आहेत ते सांगा. काँग्रेस म्हणाली, परक्या देशाच्या सांगण्यावरून आमच्या कंपन्यांनी असं काही लिहून द्यायचं नाही. ह्याच्यावर लक्ष ठेवायला वाणिज्य खात्यात वेगळं ऑफिस आहे, आणि दंड खरोखर होतात. हा कायदा अमेरिकन कंपनीच्या ताब्यातल्या परदेशी कंपनीलाही लागू होऊ शकतो, म्हणजे तुमच्या बाणेरला. कुवेत किंवा कतारच्या क्लायंटच्या परचेस ऑर्डरमध्ये किंवा बँकेच्या एलसीमध्ये (लेटर ऑफ क्रेडिट) खाली बारीक अक्षरात ‘इस्रायलच्या बहिष्काराचे नियम पाळले जातील’ असं वाक्य सापडलं तर ते नुसतं दुर्लक्षून चालत नाही, विनंती आली एवढीच गोष्ट तिमाहीला रिपोर्ट करावी लागते. अमेरिकेच्या ट्रेझरीची अशा देशांची यादी असते, यूएई त्यातून २०२१ ला निघालं. चाकण-रांजणगावच्या अमेरिकन कंपन्यांच्या एक्सपोर्ट डेस्कवर बसणाऱ्यांना हे पाठ असतं, आयटीवाल्यांना पत्ता नसतो.

आणि दोन्हीची गल्लत करू नका. फेडरल कायदा म्हणतो की परक्या सरकारच्या दबावाखाली बहिष्कारात सामील होऊ नका. तुम्ही स्वतःच्या मनाने, कोणी न सांगता काही विकत घेत नसाल तर त्याला तो हात लावत नाही. राज्यांचे कायदे नेमकं तेच पकडतात.

राहिले दुसरे दोन क्लॉज. २०२१ मध्ये टेक्सासने तोच साचा उचलला आणि त्यात इस्रायलच्या जागी आधी तेल-गॅस घातलं, एसबी १३, मग बंदुका, एसबी १९. त्याच १० माणसांची आणि एक लाखाची रेघ, आणि नेहमीच्या धंद्याच्या कारणासाठी तशीच सूट, शब्द थोडे वेगळे. इथे निशाण्यावर तुम्ही नाही, बँका आणि फंडवाले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याच्या कंट्रोलरने १० वित्तीय कंपन्यांची यादी काढली, त्यात ब्लॅकरॉक, यूबीएस, बीएनपी पारिबा वगैरे. मार्च २०२४ मध्ये टेक्सासच्या शाळांच्या कायम निधीने ब्लॅकरॉककडचे ८.५ अब्ज डॉलर काढून घ्यायचं ठरवलं. पार्कलँडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर सिटीग्रुप ह्या बँकेने २०१८ मध्ये बंदूक विकणाऱ्या क्लायंटसाठी नियम केले होते, तर २०२३ च्या जानेवारीत ॲटर्नी जनरलच्या ऑफिसने सिटीला टेक्सासच्या सरकारी बाँडच्या कामातून बाहेर काढलं.

ह्याचं बिल कोणाला आलं ते फार कोणी विचारत नाही. टेक्सासमधली शहरं आणि शाळा बाँड काढून पैसे उभे करतात, त्या बाँडसाठी बँका बोली लावतात. हे कायदे आल्यावर जेपी मॉर्गन, गोल्डमन, सिटी, बँक ऑफ अमेरिका आणि फिडेलिटी असे पाच मोठे खेळाडू बाजारातून बाजूला झाले. बोली लावणारे कमी झाले की व्याज वाढतं, ह्याला पीएचडी लागत नाही, पण व्हार्टनचे गॅरेट आणि शिकागो फेडचे इव्हानोव्ह यांनी हिशोब केला आणि पहिल्या आठ महिन्यांत ३२ अब्ज डॉलरच्या कर्जावर ३० ते ५३ कोटी डॉलर जास्तीचं व्याज असं उत्तर काढलं. पुढे काही बँका परत आल्या, ब्लॅकरॉक जून २०२५ मध्ये यादीतून निघाली, पण ते व्याज कर्ज फिटेपर्यंत जातच राहणार. तुम्ही डॅलसजवळ घराचा प्रॉपर्टी टॅक्स भरता त्यात शाळेच्या बाँडची ओळ असते, ती बघा. मला ह्या कायद्यांबद्दल राग आहे तो ह्या ठिकाणी आहे. सरकारी खरेदीचा नियम एकच असावा, चांगलं काम स्वस्तात कोण देतंय. त्यात दुसरी गाळणी लावली की पैसे लोकांचे जातात, आणि गाळणी कुठल्या बाजूची आहे ह्याने फरक पडत नाही. मॅसॅच्युसेट्सने १९९६ मध्ये उलट्या दिशेने हेच केलेलं, म्यानमारशी धंदा करणाऱ्यांना राज्याची कामं नाहीत, तो कायदा सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये उडवला कारण म्यानमारबद्दल काँग्रेसने केलेल्या फेडरल कायद्याच्या तो आड येत होता. तेव्हा डावे चिडले, आता उजव्या राज्यांना तोच न्याय लावावा असं काही वकील म्हणतात, बघू.

मोठ्या कंपन्यांचं काय होतं तेही दोन वाक्यांत सांगते. एअरबीएनबीने नोव्हेंबर २०१८ मध्ये वेस्ट बँकमधल्या वसाहतींमधली सुमारे २०० घरं यादीतून काढायचं जाहीर केलं, फ्लोरिडा वगैरे राज्यांनी डोळे वटारले, एप्रिल २०१९ मध्ये निर्णय मागे. बेन अँड जेरीजने जुलै २०२१ मध्ये सांगितलं की वसाहतींमध्ये आइस्क्रीम विकणार नाही, इस्रायलमध्ये विकत राहू, पण तेव्हा त्यांची मालक कंपनी होती युनिलिव्हर, आणि कायद्याच्या व्याख्येत पालक कंपनी येते. ॲरिझोना, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इलिनॉय, टेक्सास, कोणी पैसे काढले, कोणी यादीत टाकलं, शेवटी जून २०२२ मध्ये युनिलिव्हरने तिथला धंदा तिथल्याच भागीदाराला विकून टाकला. आइस्क्रीमच्या एका डब्यावरून पेन्शन फंड हलले.

हेच ‘पालक कंपनी, उपकंपनी, संलग्न कंपनी’ तुम्हाला लागू आहे, म्हणून आता तुमच्या कागदाकडे येते. डॅलसला ८ माणसं आहेत म्हणून आपण १० च्या खाली, असं समजून गाफील राहू नका. कायद्यात माणसं टेक्सासमधली की पुण्यातली असं लिहिलेलं नाही, आणि कंपनीच्या व्याख्येत बहुतांश मालकीची उपकंपनी येते, म्हणजे कोणी मोजायला बसलं तर १४ धरू शकतं. दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. कायदा बोलतो सरकारी संस्था आणि कंपनी ह्यांच्यातल्या कॉन्ट्रॅक्टबद्दल. तुम्ही सब आहात, तुमचं कॉन्ट्रॅक्ट प्राइमशी. प्राइम आपल्या अंगावर काही राहू नये म्हणून सगळं जसंच्या तसं खाली ढकलतो. सरकारी खात्याशी ह्या क्लॉजवर वाटाघाट होत नाही, त्यांना हात बांधलेले असतात, पण प्राइमशी होते.

तेव्हा प्राइमच्या कॉन्ट्रॅक्टवाल्याला मेल करा, फोनवर नको. एवढंच मागा की तिन्ही क्लॉजमध्ये ‘कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे, आणि कायद्याने जेवढं लागतं तेवढंच’ असे शब्द घाला आणि प्रकरणांचे नंबर टाका. बरेच प्राइम वर्षानुवर्षं जुना टेम्प्लेट फिरवत असतात, त्यात ‘नेहमीच्या धंद्याच्या कारणा’ची सूट गळालेली असते, मी असा कागद बघितलाय ज्यात एनर्जीच्या क्लॉजमध्ये नुसतं ‘कुठल्याही एनर्जी कंपनीशी व्यवहार नाकारणार नाही’ एवढंच होतं. ते शब्दशः घेतलं तर उद्या एखाद्या तेल कंपनीचं काम माणसं नाहीत म्हणून सोडलं तरी तुम्ही कॉन्ट्रॅक्ट मोडलं. व्याख्या परत आली की हा धोका जातो.

मग आत बघा. व्हेंडर निवडीची काही लेखी पॉलिसी आहे का, बाणेरच्या एचआरने उत्साहात काही ‘आम्ही अमक्यांकडून खरेदी करत नाही’ असं इंट्रानेटवर टाकलंय का, ईएसजीच्या (पर्यावरण, समाज आणि कारभाराची जबाबदारी) नावाखाली वेबसाईटवर ‘फॉसिल फ्युएल क्लायंट घेत नाही’ असं एखादं वाक्य मार्केटिंगवाल्याने चिकटवलंय का. हे तिसरं सगळ्यात जास्त वेळा सापडतं, कारण ते लिहिणाऱ्याने टेक्सासचा विचारच केलेला नसतो. असं काही नसेल तर सही खरी आहे, बिनधास्त करा, त्याने तुमची मतं विकली जात नाहीत. असेल, आणि ती तुमची खरी भूमिका असेल, तर सही करू नका, काम सोडा किंवा वकील गाठा, पण खोटी सही करू नका, कारण उद्या प्राइमशी दुसऱ्याच कुठल्या कारणाने वाजलं की तो पहिल्यांदा तुमच्या फाइलमध्ये हेच शोधणार.

‘टाकणार नाही’ हा भविष्यकाळ लक्षात ठेवा. कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांचं असेल तर तीन वर्षं बांधलेले आहात, तेव्हा कॉन्ट्रॅक्टच्या शीटमध्ये ह्याची वेगळी कॉलम करा आणि खरेदी मंजूर करणाऱ्याला ती दाखवून ठेवा. प्राइमने पाठवलेल्या क्लॉजचा नेमका मजकूर पाठवलात तर, कंपन्यांची नावं खोडून, कुठला शब्द बदलायला सांगायचा ते बघून सांगते.